दुपट्यातलं गिऱ्हाईक

काय दिवस आलेत! मान धरायला अजून दोनेक महिने अवकाश, आणि चिरंजीव निघाले हॉटेलात जेवायला! जेवणार काय, कपाळ? सहा महिने आईच्या दुधापलीकडे पाण्याचा थेंबसुद्धा नको, असं डॉक्टर बजावतात. नजर म्हणावी तर वीतभराची, फार तर फूटभराची. त्यापुढचं सगळं धूसर. मग ते मंद दिवे, भिंतीवरची वारली चित्रं आणि कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं झाड बघणार कोण?

सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, हे काय आपणच शोधून काढलं? खाटेखाली शेगडी, कानाला फडकं, ओव्याची धुरी आणि ताटात रोज तोच तूपभात. आता सव्वा महिना सरतो न सरतो तोच धुरी मिळते ती शेजारच्या टेबलावरच्या सिझलरची! अळिवाचे लाडू घरी डब्यात झुरताहेत. आणि निमित्त तरी किती सोज्वळ: दीड महिन्याचा लसीचा डोस. दवाखान्यात जावंच लागतं, त्याला कोण नाही म्हणणार? परतीच्या वाटेवर उडुपी हॉटेल लागतं, हा आता बाळाचा दोष का? पोराला सुई, आईला मसाला डोसा. घरोघरी हाच न्याय.

आणि लवाजमा! चार किलोच्या जिवामागे दहा किलोचं सामान. डायपर, वाइप्स, जादा झबली, थर्मास, खुळखुळा (वाजवायचा कुणी? मूठ अजून उघडत नाही). दोन टेबलांमधून सांबाराची बादली जेमतेम जाते, तिथे बाबागाडी आडवी. वेटर कुरकुरतो म्हणता? छे! तोच पंखा बंद करतो, तोच ‘मुलगा की मुलगी’ विचारतो आणि न मागता चटणीची वाटी जास्तीची ठेवतो.

सगळ्यांत मोठा घात केला तो आज्यांनी. ‘आमच्या वेळी हे असले थेर नव्हते’ म्हणणारी बाईच आज सगळ्यांत पुढे. ‘एसीपासून लांबचं टेबल द्या हो’ हे तीच ठणकावते, नातवाला काजळाची ठसठशीत तीट तीच लावते आणि सुनेच्या तब्येतीच्या नावाखाली तुपातला रवा डोसा मागवून अर्धा स्वतःच फस्त करते. वर फिल्टर कॉफी. दृष्ट काढायची ती घरी जाऊन. बाळाची की डोशाची, हे तिलाच ठाऊक.

मग नाकं मुरडायला उरलो आपण. मुरडतोही. ‘एवढ्याशा जिवाला गर्दीत आणायचं?’ असं पुटपुटतो, आणि तितक्यात ते झोपेत ओठ वाकडे करतं. झालं! ‘हसलं, हसलं, माझ्याकडे बघून हसलं!’ झोपेतलं हसू खरं नसतं म्हणे, स्नायू आपोआप हलतात. असतील हलत. पण मग ते पलीकडच्या टेबलावरच्या काकूंकडे बघून हसलं की आपल्याला का जळफळायला होतं?

बारशाआधी बाळाला हाक मारायला नाव नसतं, पण रविवारी सकाळी हॉटेलच्या दारातल्या वहीत ‘बाळ, चार माणसं’ अशी नोंद मात्र पडते. आणि मालक बाकीची यादी ओलांडून त्यालाच आधी आत घेतो! तेव्हा सगळे संतापतात. शिस्त राहिली नाही म्हणतात. आता खरं सांगा, पुढे तीसेक नावं आणि पोटात कावळे असताना, शेजारच्या वहिनींचं तान्हं तासाभरासाठी उसनं मागून आणावं, असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?