खणाची वही

मराठी घरात कापड फेकायला अलिखित बंदी असते. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्यातूनही काही उरलंच तर ते स्कूटर पुसायला. या रांगेत कुठेच न बसणारे तुकडे, म्हणजे ब्लाउज बेतून उरलेला खण, पैठणीचा वीतभर काठ, कुणाच्या तरी मुंजीतल्या सोवळ्याची किनार, एका गाठोड्यात जातात आणि गाठोडं माळ्यावर. ‘कधीतरी लागेल’ या आशेवर ते पिढ्यान् पिढ्या तिथे नांदतं. ते ‘कधीतरी’ आता उजाडलंय. कापडी वह्या करायची टूम निघाली आहे, आणि माळ्यावर चढणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असा विजयी भाव दिसतो.

कृती तशी गोधडीचीच. खाली मांजरपाट, मध्ये जुन्या सुती लुगड्याचा थर, वर खण, आणि सगळं धावदोऱ्याने एकजीव करायचं. मग हौस सुरू. साखळी टाका, गाठीचा टाका, आरसे, आजोबांच्या कोटाची बटणं. आतले कागद घडी घालून एकात एक सारायचे, घडीवर टोच्याने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने पाठीशी शिवायचं. बाइंडर याला जुजबंदी म्हणतो. कीड लागू नये म्हणून तो खळीत मोरचूदही घालतो. हौशी मंडळींचा सगळा वेळ आरशांत जातो, त्यामुळे झुरळांची मेजवानी ठरलेली.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला मिळाला तर बहार. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या संस्थेत कागद होतो तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून. म्हणजे वहीच्या बाहेर चिंधी आणि आतही चिंधीच. फरक इतकाच की आतली रगडून निघालेली असते, आणि बाहेरची अजून भाव खात असते.

पैठणीला कात्री लावायची वेळ आली की मात्र घराचं न्यायालय होतं. साडी कुणाची, कुणाच्या लग्नातली, तेव्हा ती कितीला पडली होती, सगळं निघतं. तीस वर्षं कपाटात घडीवर चिरत चाललेल्या पैठणीची तोवर कुणी चौकशी केलेली नसते. कात्री दिसली की ती एकदम कुळाची अब्रू होते. शेवटी ‘फक्त काठ घे, मोराला हात लावू नकोस’ अशी तडजोड होते.

वही तयार होते. हातोहात फिरते, फोटो निघतात. मग पहिलं पान उघडून पेन हातात घेतलं की सगळं ठप्प. आत लिहायचं काय? टूम सांगते, मनातलं लिहा. पण आपल्याकडच्या बायकांनी मनातलं वहीत कधी लिहिलं होतं? ते गेलं गोधडीत. दुपारी चौघीजणी चार कोपऱ्यांना बसायच्या, टाके पडायचे, आणि जे बोलायचं ते बोलून व्हायचं. कापडी वेष्टणात राहायचा तो हिशेब. व्यापाऱ्याची चोपडी आठवा, ती लाल कापडाची, पांढऱ्या दोऱ्याने ओळीत शिवलेली, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून घेणारी. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि त्यांतही जमाखर्च उदंड. अगदी २०१९च्या जुलैत निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पासाठी ब्रीफकेस सोडून लाल कापडाचं बासन हाती घेतलं, तेही आकडेच घेऊन. कापड आणि लेखणी यांचं आपल्याकडे जमलं ते रुपये-आण्यांच्या साक्षीने. त्यांच्याकडून एकदम हृद्गताची अपेक्षा करणं थोडं घाईचंच.

आमच्या शेजारच्या सूनबाईंनी हे कुणी न सांगताच ओळखलं. सासूबाईंच्या पैठणीचा काठ लावलेल्या वहीत त्यांनी पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘श्री’ काढलं आणि खाली दुधाचा हिशेब सुरू केला. सासूबाईंच्या नजरेला ते पडलं.

‘‘अगं, माझ्या पैठणीवर दूधवाल्याचे खाडे?’’

‘‘मग काय लिहू, आई?’’

सासूबाईंनी वही हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं, एक सैल टाका नखाने दाबून बसवला, पान जरा लांब धरून वाचलं.

‘‘बुधवारी अर्धा लिटर जास्तीचं घेतलं होतं, ते कुठाय? आणि इस्त्रीवाल्याचं वेगळं पान कर. तो दर महिन्याला दोन कपडे वाढवून सांगतो.’’