बाविसाव्या मजल्यावरची नदी

माढ्याचा माणूस पुण्यात फ्लॅट बघायला गेला की त्याला आधी क्लब हाउस दाखवतात, मग ‘रिव्हर व्ह्यू’. बाविसाव्या मजल्यावरून खाली मुठा, म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे. हीच मुठा पुढे मुळेसह भीमेला मिळते आणि शहराचं सांडपाणी घेऊन उजनीत, म्हणजे आमच्याच तालुक्यात येते. तेही फुकट! मी विक्रीच्या पोराला विचारलं, प्यायच्या पाण्याचं काय? “टँकर आहे ना, काका!” भोगवटा प्रमाणपत्र? “प्रोसेसमध्ये आहे.” लिफ्ट बंद पडली तर? पोरगं हसलं आणि कॉफी घेणार का म्हणालं. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग माझ्या पायांना पुरेना, हे वेगळंच. अशा प्रकल्पांवर लक्ष ठेवायला महारेरा हे नियामक प्राधिकरण २०१७ पासून आहे. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजुऱ्या, चटई क्षेत्र घरबसल्या दिसतं. कुर्डुवाडीला गाडीत बसण्याआधी तेवढं बघा.