बिनम्हणीची तुळई

मराठी माणसाने छपरावर हौसेने म्हणी केल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजले, घर फिरल्यावर तेच वासे फिरवले, आढ्याचं पाणी वळचणीला नेऊन सोडलं. एवढा वेळ मान वर करून बघताना मधे आडवी असलेली तुळई मात्र कुणाच्या नजरेत भरली नाही. तिची दखल घेतली ती उंच जावयांच्या कपाळांनी.

खरं तर कौलारू घर तिच्याच जिवावर उभं असतं. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि मंगलोरी कौल घरोघरी गेलं. ते दिसतं तितकं गरीब नाही. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, आणि शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं. म्हणजे हजार फुटांच्या छपरावर साडेतीन-चार टन भाजलेली माती. आषाढात ती पाणी पिते ते वेगळंच.

एवढं ओझं आल्यावर वासे पाय फाकवणारच. रंगारी दोन शिड्या डोक्याशी जोडून घोडा करतो आणि खाली दोघींच्या पायांत दोरी बांधतो. ती दोरी सोडून वर चढून बघा. नको, बघू नका. वाशांचंही तेच: डोकी एकमेकांना टेकलेली, पाय मात्र भिंतीचा माथा बाहेर रेटतात. चिऱ्याची भिंत उभं ओझं मुकाट सोसते, पण आडवा रेटा तिला मानवत नाही. तुळई हे दोन्हीकडचे पाय धरून ठेवते. ती छप्पर पेलत नाही, दोन्ही बाजूंनी ओढली जाते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रेटा किती, ते उतारावर. 45 अंशांच्या छपराचा रेटा वजनाच्या पाव हिस्सा, 30 अंशांच्या छपराचा चाळीस टक्क्यांच्याही वर. बसकी, गरीब दिसणारी छपरंच जास्त भांडखोर. आढ्याखाली जमिनीपर्यंत खांब दिले तर ही कटकट उरत नाही, आढंच भार घेतं. पण माजघराच्या मधोमध खांब कुणाला हवाय?

कैचीत, म्हणजे वासे आणि तुळई यांच्या तिकोनात, आणखी एक गंमत आहे. तुळईवर मधोमध जो उभा तुकडा दिसतो, तो तिच्यावर उभा आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वरून लोंबकळत असतो आणि तुळई मधे वाकू नये म्हणून तिलाच धरून असतो.

हल्ली जुन्या घरांचे होम-स्टे होतात, आणि पहिली कुऱ्हाड तुळईवर येते. हॉल मोकळा वाटत नाही, फोटो चांगले येत नाहीत. सुतार म्हणतो, "भाऊ, तिला हात लावू नका." मग तडजोड निघते, ती काढून वर आढ्याजवळ मारू. आढ्याजवळचा आडवा तुकडा वाऱ्यात वासे उचकटू नयेत म्हणून ठीक, पण भिंतीला त्याचा आधार शून्य. तुळई जितकी वर, तितका तिच्यावर ताण जास्त, आणि तिच्याखालचा वासा वाकायला मोकळा.

पंचाईत अशी की घर लगेच पडत नाही. पडलं असतं तर निदान तुळईवर एखादी म्हण तरी झाली असती. पावसाळे जातात, आढं मधे दबतं, दार चौकटीत अडकायला लागतं, कोपऱ्यात तडा दिसतो. दाराला रंधा मारतात, तड्यावर पुट्टी भरतात. कौलं सरकतात आणि गळायला लागतं, तेव्हा शाकारणीला माणूस येतो. तो वर चढतो, कौलं जागच्या जागी बसवतो आणि खाली उतरून निदान सांगतो: माकडं. मालकालाही ते पटतं, कारण माकडं गावात आहेतच, आणि भिंतीला ओळंबा लावून बघण्यापेक्षा त्यांना शिव्या घालणं कितीतरी सोपं.