प्रेशरवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक प्रेशरवाले नाना असतात. आमचे नाना पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समधून निवृत्त झाले, पण मेंटेनन्स काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. एरवी लिफ्टच्या आवाजावर मत देऊन ते गप्प बसतात. खंडेनवमी जवळ आली की मात्र त्यांच्या अंगात येतं. जूनमध्ये माळ्यावर गेलेलं प्रेशर वॉशर खाली उतरतं आणि पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं अंथरली जातात.

आपण असतो तर प्लग लावून बटण दाबलं असतं. तसं कोणी सुचवलं की नाना त्याच्याकडे सिव्हिलच्या माणसाकडे बघावं तसं बघतात. ‘‘पाण्याशिवाय पंप फिरवून सील घालवायचेत का? सील कितीला येतो, ठाऊक आहे?’’ ठाऊक नसतं. नानांनाही नसतं, पण प्रश्न त्यांनी विचारलेला असल्यामुळे उत्तराची जबाबदारी आपली.

मग शवविच्छेदन सुरू होतं. पाणी आत जातं तिथली जाळी बोअरच्या क्षारानं पांढरीफटक झालेली असते. ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवायची, आणि त्यासाठी हवी असते नेमकी तीच वाटी, जिच्यात वहिनी श्रीखंडासाठी केशर भिजवणार असतात. गनच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून ठेवलेलं. नाना ते बारीक सुईनं, माशीची माफी मागितल्यासारखं उकरतात. जोर नाही लावायचा. नॉझलचं भोक जरा मोठं झालं की प्रेशर गेलंच. एवढी हळुवार बोटं त्यांनी नातवाच्या कानातलं पाणी काढतानाही वापरली नव्हती, असं वहिनींचं म्हणणं.

आता पाइप जोडून, नळ सोडून मग प्लग. मशीन ‘गुंऽऽ’ करतं आणि फिरत काही नाही. भोवतालची पोरं खूश होतात. नाना ताबडतोब प्लग काढतात, कारण अडकलेली मोटर तशीच गुणगुणत ठेवली तर वाइंडिंग जळतं. मग मागचं कव्हर काढून मोटरचा पंखा हातानं फिरवायचा. महिनोन्‌महिने पडून सील चिकटलेले असतात, ते ‘कट्’ करून सुटतात. त्या ‘कट्’च्या वेळी नानांचा चेहरा बघावा. मुलीच्या लग्नातही तो इतका मोकळा झाला नव्हता, हेही वहिनींचंच.

आता चालू करा की! नाही. आधी नळ पुन्हा सोडायचा, गनचा घोडा दाबून धरायचा आणि पाण्यातून येणारी फडफड थांबेपर्यंत आतली हवा काढायची. या रिकाम्या वेळात व्याख्यान असतं. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. आपल्या चार मजल्यांवरच्या टाकीतून खाली दीड बारसुद्धा धड मिळत नाही. हे मशीन १२० बार देतं. ‘‘म्हणजे १२०० मीटर! कळसूबाई १६४६. टाकी कुठे बांधावी लागेल, करा हिशोब!’’ सेक्रेटरी घाबरून सांगतात, की टाकीचा विषय पुढच्या सभेत घेऊ.

शेवटी बटण दाबलं जातं. मशीन आधी खोकतं. धार येते-जाते, येते-जाते. एखादा व्हॉल्व्ह अजून झोपेत आहे, असं निदान होतं. घोडा दाब, सोड, पुन्हा दाब. आणि मग ती सणसणीत धार सुटते, सरळ कंपाउंडच्या भिंतीवर. पावसाळ्याचं काळं शेवाळ उडून हातभर रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटतो. नाना पट्टा निरखतात, मान डोलावतात आणि नळ बंद करतात.

पोरं ओरडतात, सेक्रेटरी गयावया करतात, ‘‘नाना, आता चालूच आहे तर उरलेली भिंतही घ्या ना!’’ पण उरलेल्या भिंतीत बिघाड कुठे असतो? तिच्यात नानांना काडीचा रस नाही. गाड्या घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांनाही हे दरवर्षी नव्यानं कळतं. नाना घोडा दाबून पाइपातलं उरलंसुरलं प्रेशर सोडतात, पाणी निथळू देतात, मोटर पुसतात, हळदीकुंकवासाठी मशीन पाटावर ठेवतात.

वहिनी वरून विचारतात, ‘‘अहो, सकाळपासून खाली आहात, आपली गाडी तरी धुतलीत का?’’

‘‘ती पहाटेच धुतली,’’ नाना खालून सांगतात. ‘‘बादलीनं. मशीनच्या भरवशावर बसलो असतो तर पूजेला उशीर झाला असता.’’