दुष्फेन

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याने भजनी मंडळात जावे की मत्स्यपालन करावे, हा प्रश्न माझ्यासमोर रीतसर उपस्थितच झाला नाही; कारण मेव्हण्याने हैदराबादेहून पिशवीत घालून आणलेले चार डिस्कस मासे एके सायंकाळी आमच्या शहाबादच्या घरी दाखल झाले, आणि माझी दरखास्त नसताना मी त्यांच्या खिदमतीस रुजू झालो. ताटलीसारखे वाटोळे, अंगावर भरजरी नक्षी आणि मुद्रा मात्र वतन खालसा झालेल्या जहागीरदाराची, असे त्यांचे रूप. हेकेल नामक ऑस्ट्रियन पंडिताने 1840 साली या जातीची शास्त्रीय नोंद केली. त्यांचे मूळ वतन ॲमेझॉनचे खोरे. तेथील पाण्यात चुना नाममात्र, आणि कुजलेल्या पर्णराशीमुळे त्यास आम्लता इतकी, की काही प्रवाहांत पीएच 5 च्याही खाली उतरतो.

आणि आमचे शहाबाद! ज्या गावच्या फरशीवर अर्ध्या महाराष्ट्राची स्वयंपाकघरे उभी आहेत, त्या गावच्या भूगर्भात चुनखडीवाचून दुसरे काय असणार? शाळेत अशा पाण्यास 'दुष्फेन' म्हणत. तेव्हा मला ते एखाद्या राक्षसाचे नाव वाटे, आणि आता ते रास्तच होते अशी खात्री पटली आहे. तपासणीच्या नळीत थेंबाथेंबाने औषध सोडत मी रंग पालटण्याची वाट पाहू लागलो. एका थेंबास दुष्फेनतेचा एक अंश. मासा मागतो फार तर चार-पाच. आमच्या बोअरच्या पाण्याने तेविसाव्या थेंबास रंग बदलला, म्हणजे लिटरामागे सुमारे 410 मिलिग्रॅम. सरकारी मानकानुसार 200 पर्यंत इष्ट, आणि दुसरा जलस्रोत नसेल तर 600 पर्यंत मनुष्याने सोसावे. माशाच्या बाबतीत सरकार मौन पाळून आहे. उष्णतेपुरती मात्र आमच्या जिल्ह्याने पाहुण्यांना माहेरची उणीव भासू दिली नाही: त्यांस लागणारे 29 अंश आमच्याकडे पहाटेच भरतात.

आर.ओ. यंत्र बसविले. त्याचे पाणी निव्वळ वापरावे तर त्यात पीएच सावरून धरणारा क्षारच उरत नाही, आणि पीएच एका रात्रीत कोसळून मासे गतप्राण होण्याचे भय; म्हणून चार बादल्या शुद्ध पाण्यात एक बादली गावरान, असे प्रमाण मी बसविले, वर शेजारच्या अंगणातील बदामाची सुकी पाने सोडली. सोमवारी पाच अंश भरले. शनिवारी नऊ! कुटुंबाने नळाचे पाणी ओतले असावे, या संशयावरून मी तिची उलटतपासणी आरंभिली, आणि तिचा रोजनामा पुढील दोन दिवस अबोल्याने लिहिला गेला. अखेर टाकीचाच पंचनामा केला, तेव्हा पाहुण्यांस स्थानिक संस्कृतीचा परिचय व्हावा म्हणून मीच शोभेला ठेवलेले शहाबादी फरशीचे तुकडे दृष्टीस पडले. एकावर लिंबू पिळले. बारीक बुडबुडे आले. मुद्देमाल सापडला, आरोपीही.

पुढे उन्हाळा लागला; एका बादलीमागे तीन बादल्या मोरीत सोडणारे ते यंत्र कुटुंबाने बंद केले, आणि मला बिदरच्या वडिलोपार्जित आडाची आठवण झाली. 1956 साली भाषेवरून राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा आम्ही मराठी माणसे कोणीकडे पडलो याविषयी पुष्कळ वाद झाला. पण खडकाची सीमा कोणी विचारात घेतली नाही. बिदरखाली जांभा आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यास चुन्याचा संसर्ग होत नाही. बहमनी काळात बिदरजवळच्या नौबादेस करेझ, म्हणजे भुयारी कालवा, खोदला गेला तोही याच जांभ्यातून. आडाच्या पाण्याने तिसऱ्याच थेंबास शरणागती पत्करली.

दोन कॅन घेऊन मी 2017 साली सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी लोहमार्गाने परतलो. तिकीट तपासनीसाने कॅनकडे बोट दाखविले. "बिदरचे पाणी," एवढेच मी म्हणालो. ते तेथील नानक झिरा गुरुद्वाऱ्याचे तीर्थ समजून त्याने भक्तिभावाने हात जोडले, आणि हे माशांसाठी आहे असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

घरी येऊन मी जरा आडवा झालो. तेवढ्यात कुटुंबाने त्यातील तांब्याभर पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली. कलबुर्ग्याची डाळ, भौगोलिक मानांकन मिळविलेली, पण आमच्या पाण्यात पाच शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळा. ती त्या दिवशी दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. "अहो," ती म्हणाली, "पुढच्या खेपेस चार कॅन आणा." त्यांतील माशांचा हिस्सा किती, याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे.