सम्राटांचं मत आणि आमचं हळदीकुंकू

अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आम्हा सोपारकरांच्या वाट्याला दोनच आले, तेही तुकड्यांनी. आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. आठवा सहलींबद्दल आहे आणि नववा समारंभांबद्दल. आमच्या गावाचा स्वभाव ओळखूनच कोणीतरी निवड केली असावी, असा माझा संशय आहे.

नवव्या लेखात सम्राट म्हणतात, आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. इथवर ठीक. पुढे म्हणतात, बायका तर पुष्कळच करतात आणि ती सारी क्षुल्लक नि निरर्थक. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गुळाचा पाक बघत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्याला काय, हाताखाली माणसं होती."

यंदा तर पंचांग आणि निवडणूक आयोगाने संगनमतच केलं होतं. १४ जानेवारीला संक्रांत, १५ ला महापालिकेचं मतदान, १६ ला निकाल. शनिवारी सोसायटीचं हळदीकुंकू, रविवारी आमच्या इतिहासवेड्या मंडळाची स्तूपाची सहल. शिवाय ऑफिस. आयुर्विम्याच्या धंद्यात जानेवारी लागला की मार्च दिसायला लागतो आणि साहेबांना दुसरं काही दिसत नाही.

वसई-विरारला २०२० पासून प्रशासक होते. तेव्हा पाचवीतला आमचा मुलगा आता दहावीला आला, तरी नगरसेवक कसा दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. ती हौस एका आठवड्यात फिटली. सकाळी एक रिक्षा पाणी देऊन जायची, दुपारी दुसरी तेच पाणी परत द्यायची. एकेका मतदाराला चार-चार मतं, त्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण "वहिनी, पॅनेल टू पॅनेल" म्हणत बोटं दाखवायचा. राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी अशोक बोधगयेला गेला, मग शिकारीच्या सहली बंद करून लोकांना भेटत फिरू लागला, असं आठव्या लेखात आहे. आमच्याकडे भेटीगाठी आधी उरकतात, अभिषेक नंतर.

यातच एका उमेदवाराच्या माणसाने सोसायटीच्या हळदीकुंकवाचं वाण 'आमच्याकडून' देऊ केलं. स्टीलचे डबे, झाकणावर साहेबांचा फोटो. कमिटीत दोन तट पडले. डबा आचारसंहितेत बसतो का, यावर जेवढा खल झाला तेवढा पाण्याच्या टाकीवर कधी झालेला नाही. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी निकाल दिला: "डबा चालेल, पण फोटोला हळद लावायची नाही." मग कोणालाच तो डबा नको झाला. वर्गणी काढून प्लॅस्टिकच्या चाळण्या आणल्या.

लेडीज डब्यातलं हळदीकुंकू त्याआधीच झालं. आमचा ग्रुप सकाळी उलटा विरारला जातो आणि त्याच गाडीत बसून परत येतो; यावर विरारच्या बायका जे बोलतात ते संक्रांतीच्या गोड बोलण्यात मोडत नाही. त्या दिवशी मात्र मोडलं. वसई येईपर्यंत तिळगूळ संपला होता, भाईंदरच्या खाडीवर उखाणे सुरू होते आणि दाराशी लटकलेल्या एकीच्या कपाळावर कुंकू पोचावं म्हणून करंडा चार जणींच्या हातांतून गेला. प्रवासाला निघताना करायचं मंगल निरर्थक म्हणणाऱ्याने ही लोकल पाहिली नव्हती.

तशी सम्राटांनी एक पळवाट ठेवली आहे. मंगलं करावीत खरी, फळ थोडं, असं ते म्हणतात. धम्ममंगल मात्र भरपूर फळ देतं आणि त्यात पहिलं काय, तर दास-नोकरांशी नीट वागणं. ही ओळ मी कमिटीत वाचली, कारण जिने झाडणाऱ्या मावशींना बोलवायचं का, हा विषय अडला होता. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. काही जणी खाली बघू लागल्या, एकीने 'प्रथा' हा शब्द काढला. सासूबाई स्वतः पंधरा वर्षं अशा बोलावण्याविना घरी बसलेल्या. त्या म्हणाल्या, "मावशी येणार असतील तर मीही येते." शनिवारी दोघी शेजारी बसल्या आणि चाळणीची जाळी तकलादू आहे यावर दोघींचं एकमत झालं.

रविवारी बुरूड राजाच्या कोटावर गेलो. स्तूपाला गाव याच नावाने ओळखतं. १८८२ च्या एप्रिलमध्ये इथल्या खोदकामात दगडी पेटी निघाली. तिच्यात आठ कांस्यमूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. आता हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

मंडळाचे अध्यक्ष हे गंभीरपणे सांगत होते. सासूबाई हट्टाने आल्या होत्या. त्यांनी करंडे बोटांवर मोजले आणि विचारलं, "यात फोटो कोणाचाच नव्हता ना?"