गाव अकरावीत, आग बारावीत

वरवट बकालच्या शिवारात कुटाराच्या गंजीला आग लागली, तर तिने आधी राज्यघटना वाचायला हवी होती असंच म्हणावं लागेल. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी दोन याद्या केल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८. ‘अग्निशमन सेवा’ बारावीच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे. अकरावीच्या यादीत ती नाही. तिथं शेती आहे, पशुसंवर्धन आहे, ग्रामीण गृहनिर्माण आहे, विद्युतीकरण आहे आणि बाराव्या क्रमांकावर, नीट वाचा, ‘इंधन आणि चारा’ आहे. म्हणजे सरपण गावाचं, चारा गावाचा, गोठ्यातली जनावरं गावाची, गोठ्यावरून गेलेली आणि वाऱ्यावर ठिणग्या टाकणारी तारसुद्धा गावाची. जळण्यासारखं जे जे आहे ते सगळं मोठ्या विश्वासानं गावाच्या हवाली केलं आणि विझवायचं तेवढं शहराकडे ठेवलं.

वरवट बकाल हे बाजाराचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधे कपाशी, तूर आणि सोयाबीन. पण गाव ग्रामपंचायतीचं, म्हणून अकरावीत. काही किलोमीटरवरचं संग्रामपूर तालुक्याचं ठिकाण, तिथं नगरपंचायत, म्हणून ते बारावीत. तेव्हा सोयाबीनच्या सुडीला पेट घ्यायचाच असेल, तर तिनं आधी हद्द ओलांडावी, पलीकडे जाऊन पेटावं, म्हणजे ती निदान योग्य यादीत जळेल. तेवढी समज सुडीला नसते. मग कुठल्यातरी शहरातून बंब मागवावा लागतो. तो येतो, बहुतेक वेळा येतोच. पण येतो तो पाहुणा म्हणून, आणि पाहुण्याला उशीर का झाला हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोचावी असा देशपातळीवरचा निकष आहे. वाळलेल्या कुटाराला त्याची कल्पना नसल्यानं ते आपल्या वेगानं जळतं. भाव चढेल म्हणून घरात राखलेला कापूस मात्र निकषांचा मान राखतो: आतल्या आत धुमसतो, वरून विझल्यासारखा दिसतो आणि बंब परत गेल्यावर पुन्हा पेटतो. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. स्फोट झाला त्या जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठी होत्या, आणि आग लागली ती कापूस भरलेल्या कप्प्यात. कापूस कसा जळतो हे या देशानं इतकी मोठी किंमत मोजून शिकून घेतलं. कापूस पिकतो त्या गावात मात्र तो धडा पोचला नाही. बारावीचा अभ्यासक्रम अकरावीला कोण शिकवणार?

इथं एखादा जाणकार १९५८चा ग्रामपंचायत कायदा काढून दाखवील. त्याच्या ग्रामसूचीत आगीचा उल्लेख आहेच. आहे ना! आग विझवण्याच्या कामी मदत करणं हे पंचायतीचं काम आहे असं तिथं म्हटलंय. मदत. कुणाला? मदत करायला आधी मुख्य काम करणारं कुणीतरी हजर असावं लागतं. कर्ता शहरात आणि क्रियापद गावात, असं हे वाक्य आहे.

दुसरा आक्षेप जास्त लाडका आहे: गावचे लोक स्वतःच विझवतात की, एकोपा असतो. विझवतात. बादल्या, घागरी, फवारणीचे पंप, कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर, ती चालायला वीज असली तर. शहरातला जवान शिरस्त्राण घालून, प्रशिक्षण घेऊन आगीत शिरतो, तरी जीव जातात. गावातला माणूस बनियनवर शिरतो, बैलाचं दावं कापायला. त्याला आपण एकोपा म्हणतो. शहरात याला निष्काळजीपणा म्हणून चौकशी लागली असती. आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते: ‘गोठ्याला आग, सुदैवाने जीवितहानी टळली.’ पुढच्याच ओळीत: ‘दोन बैल आणि चार शेळ्या होरपळून दगावल्या.’ हे वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं, आणि छापणाऱ्याचा हात एकदाही अडखळत नाही. जीव नव्हता त्या बैलांना? ज्याच्या जिवावर पेरणी होते तो जीव नाही, आणि हे ‘सुदैव’ नेमकं कुणाचं? मग पंचनामा होतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. तीन हजारांत गोठा! पत्रे विकणाऱ्याला हा आकडा ऐकवून पाहा, तो आधी तुम्हाला पाणी देईल. जळाल्यानंतरचा तक्ता मात्र म्हैस, बैल, शेळी असा खुलासेवार तयार आहे. जळू न देण्याचा तक्ताच नाही. आग ही आपल्याकडे संकट नसून महसुली नोंद आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. प्रत्येक गावात बंब, चालक आणि तीन पाळ्यांचे जवान ठेवणं परवडणार नाही. पण तसं मागतंय कोण? २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका राज्यभर उभी आहे. या गावात रोज हृदयविकार कुठं येतो, असं विचारून ती कुणी परत पाठवली नाही. दहा-बारा गावांना मिळून ट्रॅक्टरवर बसवलेली टाकी, तिला दाबाचा पंप, लांब पाइप, आणि शिकवून तयार केलेली, मानधन मिळणारी आठ पोरं, एवढं पुरे. पाणी कुठलं, हा प्रश्न पूर्णेकाठच्या या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नये. इथलं पाणी पिण्याच्या कामाचं नाही, ओलिताच्या फारसं कामाचं नाही. आग विझवताना मात्र पाण्याची चव कुणी बघत नाही. खारानं पंप गंजेल म्हणाल, तर गोड्या पाण्यानं धुवा. नाइलाजानं हेच पाणी पिणाऱ्यांची मूत्रपिंडं तेवढ्यानं धुतली जात नाहीत, त्यांची काळजी आधी करा. पैशाचं म्हणाल, तर गावोगावी कमानी उभ्या राहिल्या, हायमास्ट लागले, सिमेंटचे बाक आले, प्रत्येक बाकाच्या पाठीवर सौजन्याचं नाव आलं. त्या नावांवर लोक पाठ टेकून बसतात, ती वाचायला कुणाला मिळत नाहीत. टाकीला दोन्ही बाजूंनी नाव रंगवता येतं, मागेही येतं, आणि ती गावोगाव फिरते. प्रस्ताव पाठवताना हा मुद्दा पहिला लिहावा.